घट

विट्याच्या एसटी स्टँडमागं माझा छापखाना.
दर फाल्गुनात यात्रा कमिटी येते, खिशातून फोटो काढते,
मी ते मापानं लावतो:
एक नंबरच्या जोडीला वीत वीत जागा,
दोन नंबरला चार बोटं,
मग खाली खाली
पोस्टाच्या तिकिटाएवढे पैलवान,
आणि तळाला नुसती नावं,
भिंग लावून वाचावीत अशी.

मैदान पंधरा दिवसांवर असतं,
पण कोण मोठा ते माझ्या टेबलावर ठरून जातं.
इंचात.

यंदा सोबत सुर्वे सर आले,
कॉलेजच्या जिमखान्यातून रिटायर झालेले.
पाठकोऱ्या कागदावर त्यांनी सोळा रेघा ओढल्या,
सोळाच्या आठ, आठाच्या चार, चाराच्या दोन,
शेवटी एक चौकट. रिकामी.
"जोड कमिटीनं का लावायची?" सर म्हणाले,
"चिठ्ठ्या टाका. जिंकंल तो वर सरकंल.
कॉलेजात कबड्डीला हेच करतो आपण,
नाव बघून ढाल देत नाही कुणाला."

कमिटी हसली नाही, हेच विशेष.
चहा आला.
मेटकरी म्हणाले, वर्गणीदार पत्रकावरची जोड बघून पैसे सोडतो.
रिकाम्या चौकटीला कोण पाच हजार देणार?
गेल्या साली एक नंबरची कुस्ती
पाऊण तास नुसती खडाखडी झाली,
पंचांनी दोघांचेही हात वर केले
आणि लोक चपला शोधत घरी गेले.
हे कोण बोललं आठवत नाही.
बहुतेक मीच.

माझ्या डोक्यात यल्लाप्पा कोळेकर होता.
जतकडचा. कायम सव्विसाव्या नंबरला.
उन्हं डोक्यावर असताना लागते त्याची कुस्ती,
हलगीवाला अजून हलगी शेकत असतो.
दीड मिनिटात घिस्सा, समोरचा चीत,
इनाम पाचशे, त्यातूनच एसटी.
"एकदा मोठ्याशी लावा की, मुलाणी," म्हणतो.
मला म्हणतो.
जणू मी फोटो वाढवला की झालं.

कोपऱ्यात शामराव बसले होते.
कोईमतूरला त्यांचं गलाईचं दुकान,
चांदीची गदा दरसाल त्यांच्याकडून.
तेजाबानं बोटं पिवळी पडलेली.
म्हणाले, "एका आटणीत सोनं कळत न्हाई."
सर खूश झाले.
"पण दर आटणीला घट येती.
तोळ्यामागं गुंज, दोन गुंज. कुठं जाती विचारू नका.
एका दिवसात चार कुस्त्या खेळल्यालं पोरगं
गदा उचलंल, मान्य.
उचलताना त्याच्यात काय उरलं असंल?"
"मग चार दिवस घ्या," सर.
"चार दिवसांचा मांडव, पोलीस, जेवणं?" मेटकरी.
सर जरा थांबले.
"आणि न आटवताच शिक्का मारलेलं सोनं, शामराव?"
शामराव कपात बघत राहिले.
"ते बी खपतं," म्हणाले. "लई खपतं."

पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.
'पुढच्या वर्षी बघू' हा आमच्याकडचा
सगळ्यात जुना पैलवान.
त्याची पाठ अजून कुणी मातीला लावलेली नाही.

रात्री प्रूफ काढलं. एक नंबरची जोड, वीत वीत.
सरांचा कागद टेबलावरच राहिला होता.
सहज सोळा नावं लिहिली, पत्रकातलीच,
वरची दोन, मधली काही,
आणि सव्विसाव्या नंबरचा.
चिठ्ठ्या केल्या. टोपी काढून तिच्यात टाकल्या.
पहिल्याच फेरीत
यल्लाप्पासमोर एक नंबरवाला आला.

बराच वेळ बघत बसलो.
मग चिठ्ठ्या परत टोपीत टाकल्या,
हलवल्या.
या खेपेला जरा
बघून काढाव्यात म्हणून.