शेवटची चार अक्षरं

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. बाहेर त्रेचाळीस.
कारखान्यात एसी एकच, तोही सर्व्हरसाठी,
म्हणून कांड्या भरणाऱ्या बायका
काही ना काही विचारायला डिझाइनच्या खोलीत येतात
आणि उत्तर मिळालं तरी उभ्याच राहतात.

चारातली एक डिस्क गेलेली.
पडद्यावर तीन यू आणि एक रेघ,
मस्टरवरचा खाडा जसा.
चिठ्ठीवर मी लिहून ठेवलं : एसडीसी.
तेवढ्यात लाइट गेली.
आली, मशीन उठलं,
मेलेली उठली नाही;
तिच्या जागेवर पुढची सरकून बसली
आणि तिचंच नाव सांगू लागली.

हे आत्ता कळतंय. तेव्हा
चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती
आणि दोन स्क्रू निघाले होते.
एक गेली तर चालतं. दुसरी ओढली असती
तर सव्वीस वर्षांच्या किनारी, मोर, गाद्यांवरचे वाघ –

कोपऱ्यात दुडममामा बसलेले.
मल्लेशम दुडम, जेकार्डची कार्डं ठोकायचे;
आता ठोकायला कार्ड नाही, तरी दहाला येतात.
"काय वाचतो रे? खुंटीचा नंबर का कार्डाचा?"

एकदा चुना मारताना पोरांनी
खुंट्यांवरच्या माळा उतरवल्या, परत टांगल्या.
महानंदा लॉजची ऑर्डर, चारशे टॉवेल,
आणि प्रत्येकावर विणून आलं : हॉटेल शिवप्रिया.
मालक तीन दिवस त्याच टॉवेलनं तोंड पुसत होता.
"तवापासून नंबर कार्डातच ठोकला.
खुंटी काय, भिंतीची असती."

मी पाना खाली ठेवला.
एकेकीला तिचा सिरियल नंबर विचारला.
तिघींनी सांगितला, मी लिहून घेतला.
मशीन रीतसर बंद करून, टॉर्च दातांत धरून
चारही लेबलं वाचली, मुंगीएवढी अक्षरं.
जिचा नंबर कागदावर नव्हता, ती काढली.

टॉवेलला शिवतात ती पांढरी पट्टी कापून
प्रत्येकीच्या कपाळावर शेवटची चार अक्षरं चिकटवली.
फायलीतही आता जागा लिहिलेली नाही, नंबर आहे.
मामांनी भिंग लावून एक वाचली :
नऊ, क्यू, दोन, टी.
"ही नवीन का?"
"हो."
"पट्टी वाकडी लावलीस."

भरणं सुरू झालं. दोन टक्के. चार.
रात्री अकरा वाजतील म्हणालो.
दारातून रत्नव्वा :
"मग तवर एसी चालूच ना?"