व्युत्पत्ती संदिग्ध

कोशाच्या कचेरीतून निघताना
मॅडमनी मोजून दिल्या चाळीस चिठ्ठ्या,
सगळे विणकामाचे शब्द,
प्रत्येकीवर तीन रकाने: अर्थ, उपयोग, व्युत्पत्ती.
पहिल्या दोनांत थोडंफार भरलेलं,
तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह.

डिलाईल रोड, बाविसावा मजला.
भागोजी साटम, वय एक्क्याऐंशी.
पूर्वी याच जागी तळमजल्याला राहायचे म्हणे;
लिफ्टला अजून पाळणा म्हणतात.

मी ‘माग’पासून सुरुवात केली.
‘माग तो गावच्या साळ्याकडे.
गिरणीत साचा. मी साचेवाला, चार साच्यांचा.’
म्हटलं, कोशात साचा म्हणजे ज्यात ओततात तो.
‘मग बरोबरच आहे की,’ म्हणाले,
आणि चहा बशीत ओतला.

वाटलं, आपणही काही सांगावं.
ताण, तान, तंतू, तनू, तंत्र, तंतोतंत,
इतकंच काय, संततीसुद्धा,
सगळी एकाच धातूची पिलावळ. तन् : ताणणे, पसरणे.
‘धातू कुठला? बीड?’
नाही, संस्कृत.
‘साचा बिडाचा असायचा,’ ते म्हणाले,
माझी समजूत काढल्यासारखे.

मग खळ.
चिठ्ठीवर : सुताला पाजायची कांजी. स्त्रीलिंगी.
तिच्याखाली दुसरा खळ, पुल्लिंगी : खंड, थांबणे.
‘पहिली नीट पाजली नाही तर सूत तुटतं.
दुसरा पडला ब्याऐंशीच्या जानेवारीत.
पडलाय तो पडलाय.’
उपयोगाच्या रकान्यात मी हे वाक्य
जसंच्या तसं उतरवून घेतलं.

इतक्यात नातू आला, नव्या डंगरीत,
गुडघ्यावर पैसे देऊन फाडलेली.
मला राहवेना : अरे, हा शब्द आपल्या डोंगरीचा,
तिथलं जाडंभरडं कापड बोटीत चढलं
आणि साहेबाच्या भाषेत जाऊन बसलं.
‘ऑनलाइन घेतली,’ तो म्हणाला.
आजोबांनी त्याच्या गुडघ्यावरच्या दशा चिमटीत धरल्या,
उभा निळा, आडवा पांढरा,
पीळ उलगडून पाहिला, पुन्हा भरला.
‘दहा नंबरी,’ म्हणाले. सुताला की नातवाला, कळलं नाही.

(चिठ्ठी सतरा : दशी, अनेकवचन दशा.
वस्त्राची कड; तसेच अवस्था.
ही मी त्यांना वाचून दाखवली नाही.)

धोटा शेवटी निघाला.
टीव्हीखालच्या फळीवर, पोटात उदबत्त्या घेऊन.
‘हे भोक बघा. कांडी संपली की नवी घालायची,
भोकाला तोंड लावायचं, आत श्वास ओढायचा,
धागा ओठावर येतो.
दिवसाला दोनशे, अडीचशे वेळा.
तेल, रुई, लाकूड
आणि रात्रपाळीवाल्याचा तंबाखू.’

रात्रपाळीला कोण होतं?
‘शिवराम पेडणेकर. तोंड नाही पाहिलं कधी.
मी चढायचो तेव्हा तो उतरून गेलेला.
पण चुना जास्त खायचा, ते माहीत.
पुढं चवीत काहीतरी लोखंडी यायला लागलं.
मग एक दिवस नुसता कात.
बदलीवाला लागला होता. कुणी सांगावं लागलं नाही.’

समोरच्या अर्ध्या इमारतीवर क्रेन
काहीतरी उचलून हवेत धरून होती.
मी विचारलं, धोटा हा शब्द कुठून आला असेल?
बराच वेळ त्यांनी तो हातात फिरवला,
उदबत्तीची राख मांडीवर सांडली.
‘मला माझ्या जॉबरनं दिला.’

तिसऱ्या रकान्यापाशी मी थांबले.
पाचच्या आत चिठ्ठ्या परत करायच्या होत्या,
काहीतरी लिहायला हवं होतं.
पेनाचं टोपण केव्हाचं माझ्या दातांत,
कचेरीचंच पेन,
टोपणावर आधीपासून
कुणाचे तरी दात उमटलेले.