पावडर

एल्युनेड बाहेर, हातात पाइप.
आत एम्रिस उलटा: डोकं डाव्या सीटपुढच्या खाचेत,
टॉर्च दातांत.
बुटानं काच ठोकतो,
वर, अजून वर.

हार्लेकच्या चढावर ही व्होल्वो
तीन हिवाळे पाणी प्यायली.
दाराचं रबर बदललं, काचेची कड भरली.
पाणी शिरतं एकीकडे,
सापडतं भलतीकडे.

आज त्यानं सांध्यासांध्यावर
बाळाची पावडर भुरभुरली.
डबा कुठून काढला,
तिनं विचारलं नाही.

छताच्या कोपऱ्यातून
पांढऱ्यावर एक ओली रेघ
सावकाश.

सनरूफची नळी!
ब्रेकची जुनी तार घातली,
निघाला काळा चिखल, पाइनच्या सुया,
एक गांधीलमाशी.

मग गालिचा उचलला.
खाली पाखरांसाठी आणलेल्या
बाजरीला कोंब फुटलेले, बोटभर.

"हे उपटायचं?"

पाइप तसाच वाहतोय तिच्या चपलांवर.