वजनांची वही

जूनमध्ये पोस्टातून पहाटे फोन येतो:
"ओडेट, तुझं खोकं ओरडतंय. ने बाई लवकर."
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात टर्कीची साठ पिल्लं,
दोन दिवसांची. पाणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं.
एकेकाची चोच धरून वाटीत बुडवावी लागते,
साठ वेळा,
तेव्हा कुठे त्यांना कळतं की तहान लागली होती.

पिल्लांना नावं ठेवत नाही मी,
दोन्ही अर्थांनी.
नावं गिऱ्हाइकांची, हिरव्या वहीत,
पुढे पौंड, पुढे दहा डॉलर आगाऊ मिळाल्याची खूण.
नदीच्या अलीकडची, पलीकडची माणसं
मी तोंडावरून कमी, वजनावरून जास्त ओळखते.
मिशो, अठरा. मग एका वर्षी सव्वीस: दोन्ही जावई आले.
ग्लेनिस हॅफर्ड, चौदा.
चौदावर रेघ, शेजारी नऊ, शाई वेगळी.
मी विचारत नाही. काटाही विचारत नाही.

कुणी म्हणतं, दुकानात निम्म्याहून स्वस्त मिळते.
म्हणते, घ्या की. दगडही स्वस्तच असतो.
माझी तर रविवारपर्यंत
सफरचंदाच्या झाडाखाली नाकतोडे हुडकत होती.
हे बोलायला सोपं.
सोमवार सोपा नसतो.
रेजां येतो, त्याची दोन पोरं येतात,
रबरी एप्रन, कढत पाण्याचं टाकं, ओल्या पिसांचा वास,
आणि रेडिओवर कुणीतरी बटाट्याचे भाव सांगत असतं
म्हणून आम्हाला बोलावं लागत नाही.

मंगळवारी गाड्यांची रांग फाटकापर्यंत.
वेंडेल सीर सगळ्यांत शेवटी.
वहीत त्याच्यापुढे चोवीस, अकरा वर्षं चोवीस,
एकाखाली एक, विटांसारखे.
यंदा ऑगस्टात फोनवर म्हणाला होता, "सगळ्यांत लहान."
मी तसंच लिहिलं: लहान.
आकडा घालायला हात धजला नाही.

पण यंदा थंडी लांबली,
क्लोव्हर दुसऱ्यांदा फुललं, कोल्हा फिरकला नाही,
पाखरं चरत राहिली
आणि सगळ्यांत लहान भरली सतरा पौंड.
बरकतीचीही कधी अशी पंचाईत होते.
टोपी हातात घेऊन तो काट्याकडे बघत राहिला.
"सतरा," म्हणाला, "एकट्यानं?"
आणि त्या शब्दाकडे असा बघितला
की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडून पडला होता.

मी करवत काढली.
कण्यातून, छातीतून, सरळ खाली,
आणि मानेजवळ ते बेचक्याचं हाड,
थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं की दोघं दोन टोकांनी ओढतात,
मोठा तुकडा ज्याच्या हाती त्याची इच्छा पुरी,
तेही गेलं मधोमध,
कुणी काही मागायच्या आत.

दोघांच्याही लक्षात आलं.
कागद गुंडाळताना मी जरा जास्तच दोरा लावला.

"आणि दुसरा अर्धा?"
"माझा," म्हटलं.
त्या दिवशी मी दरवर्षी अंडं आणि टोस्ट खाते;
पाच महिने ज्याला दाणे टाकले ते घशाखाली उतरत नाही.
हे त्याला सांगितलं नाही.
त्याने साडेआठ पौंडांचे पैसे मोजले, सुटे, नेमके,
आणि दारात थबकला:
"अर्धं किती वेळ भाजायचं?
चोवीसचं ठाऊक होतं. म्हणजे, तिला ठाऊक होतं."

"मलाही नाही ठाऊक," मी म्हटलं. "दोनला लाव.
मीही दोनला लावते. चार वाजता फोन कर,
ज्याचं आधी करपेल त्याने सांगायचं."

गाडी वळून गेली, बर्फ अजून पडलं नव्हतं.
वही उघडली. सीर, साडेआठ.
माझ्या नावाची ओळ तिच्यात कधी नव्हती,
ती ओढली:
थिबोडो, साडेआठ.
आगाऊचा रकाना तसाच ठेवला.