क्वार्टरची सांदवाडी

गुलाब आणले, सिस्टर? आणले तर आणले.
पण आज लावू नका. आज नुसता खड्डा करू,
दीड हात खोल, अन् दोन बादल्या पाणी ओतून घड्याळ पाहू.
दहाला ओतलेलं पाणी
तुमची ओपीडी आटोपेपर्यंत तसंच दिसलं, तर समजा
ही माती पाणी पीत नाही, गुळणी धरून बसते.
काळीच आहे ती आमची.
पावसाळ्यात चप्पल धरते तर सोडत नाही,
अन् मार्चात अशी फाटते
की भोयर सिस्टरच्या पोरीचं पैंजण भेगेत गेलं,
ते अजून निघायचं आहे.

तिला मुरूम पाहिजे. रस्त्याचं काम सुरू आहे तोवर मागून घ्या,
मुकादम माझ्या जावेचा भाचा लागतो.
तीन घमेली माती, एक मुरूम, एक शेणखत.
कुजलेलं म्हणते मी. वास आला तर परत करा,
कच्च्या खतात हुमणी असते, मुळं कुरतडते,
अन् वरून पाहणारा म्हणतो, पाणी कमी पडलं.

पश्चिमेच्या भिंतीला नको गुलाब.
मे महिन्यात त्या भिंतीवर हात ठेवून पाहा,
नाही तर नकाच ठेवू.
तिथं मुनगा लावा, पण पाच हात सोडून;
वावटळीत त्याची फांदी काडीसारखी मोडते,
अन् टिना सरकारच्या आहेत.

सांबार आत्ताच पेरा, दिवाळी झाली, थंडी सुटेल.
धने आधी चपलेखाली रगडायचे, दोन फाकी होईपर्यंत.
अख्खे पेरले तर वाट पाहत बसाल.
फुटका माठ फेकला का? आणा परत.
तळाला भोक, भोकात चिंधी, गळ्यापर्यंत पुरायचा,
भोवती भेदऱ्याची रोपं.
वर तुरीचं कुटार अंथरायचं जाड.
तुम्ही लसीचा डबा थंड ठेवता ना, तसं.

वानेरं बुधवारी येतात.
हसू नका, बुधवारीच येतात,
बाजाराला सारं गाव रिकामं होते हे त्यांना ठाऊक आहे.
भेदरं मंगळवारी तोडायची, थोडी हिरवी असली तरी.
मिरचीला ते हात लावत नाहीत. लिंबालाही नाही.

हा जाम कोकाटे डॉक्टरांचा. सतरा महिने होते.
कढीपत्ता भोयर सिस्टरचा, अळू मलेरियावाल्या सहारे भाऊंचं,
नहाणीच्या पाण्यावर आपलं आपण वाढलं.
निवडुंग कोणाचा, कोणी कबूल करत नाही.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत माझीही बदली.
होईल ना जी. सगळ्यांची होते.
माझी नाही होत. मी अंशकालीन आहे,
कागदावर चार तास, अन् मानधन किती ते तुम्ही रजिस्टरात पाहिलंच आहे.
माझ्या घराला अंगण नाही.
पुढून नाली, मागून पाटलाची भिंत.
दारात तेलाचे दोन पिपे, एकात तुळस,
दुसऱ्यात ओवा, तोही शेजारणीची शेळी खाते.

म्हणून विचारते, लिंबू लावता का?
फळ यायला चार वर्षं लागतात,
तुमच्या हाती काही येणार नाही, खोटं कशाला सांगू.
पण क्वार्टर तुमच्या नावावर,
तुम्ही लावलं तर कोणी उपटायला सांगत नाही.
पाणी मी घालते.
घालतच आली आहे.

ते राहू द्या. गुलाबांना सावलीत ठेवा, मुळाशी ओलं फडकं.
टिकास त्या कोपऱ्यात आहे,
दांडा हलतो त्याचा.
थांबा, बादलीत बुडवून ठेवते घटकाभर,
लाकूड फुगलं की घट्ट बसते.