डाख

खिंवसरांचा तन्मय बाणेरहून सहकारनगरला आला,
बूट दाराशी नीट जोडून ठेवले,
पाणी नको म्हणाला
आणि खिशातून टॉर्च काढली.
एवढीशी, दातांचे डॉक्टर वापरतात तशी.

मी पेटी उघडली.
आतली तांबडी मखमल पोटाशी टक्कल पडलेली,
आणि तीवर तो: जपानी बेस, एकोणसत्तर सालचा,
मधोमध मधाचा रंग,
कडांना भाकरी करपावी तसा.
चार तारा. साडेचार किलो.
माझ्या डाव्या खांद्याला विचारा,
ग्रॅमसकट सांगेल.

फोनवर एक लाख चाळीस ठरलं होतं.
स्क्रू त्यानंच काढले, विचारून.
पोटातल्या वायरी बघत म्हणाला,
"मावशी, हे सोल्डर ओरिजिनल नाही."

नाहीच.
शुक्रवार पेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अत्तारभाईंनी
सत्त्याऐंशी साली, संध्याकाळी पावणेसहाला,
दुकानाचं शटर अर्धं ओढून
दिलेला डाख आहे तो.
साडेसहाला पडदा उघडायचा होता.
आम्ही नऊ जणी, पांढऱ्या साड्या, जांभळे काठ,
निवेदकाच्या "महिला असूनही"ला हसून
पहिलं गाणं सुरू करणाऱ्या.
अत्तारभाईंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
"आवाज आला नाही तर परत या.
आला तर येऊ नका."
मी गेलेच नाही मग.

"त्याचे अठरा हजार कमी होतील," तन्मय म्हणाला.
अंगठा टेकून टेकून लाकूड उघडं पडलंय,
त्याचे सात.
मला गंमत वाटली.
जिथं जिथं मी लागलेय त्याला
तिथं तिथं भाव उतरतोय.

तरी उरतात एक लाख पंधरा.

लाइटबिलाच्या पाठीवर यादी आहे, फ्रिजला चिकटवलेली:
मिरजेहून एक दिलरुबा (ही हौस लग्नाआधीची),
रबरी तारांचा छोटा बेस, दीड किलोचा,
सेकंडहँड हार्मोनियम,
आणि उरलेच तर खांद्याची फिजिओथेरपी.
मुकुंद म्हणतात, यादी चांगली आहे.
ते असंच म्हणतात,
भाजीच्या यादीलाही.

मला मनातून वाटत होतं, पोरगं वाजवणार नाही.
भिंतीला टांगेल, खाली दिवा लावेल, फोटो काढेल.
म्हणजे सोपं झालं असतं,
चहा पाजून वाटेला लावता आलं असतं.

पण त्यानं तो मांडीवर घेतला,
ॲम्प्लिफायर नाही, काही नाही,
कान लाकडाला टेकवला
आणि एक खालचा सूर.
थांबला.
बराच थांबला. खालून भंगारवाल्याची हाळी
येऊन पुढच्या गल्लीत गेली.
मग दुसरा.
मधली जागा त्यानं भरली नाही.
हे शिकवता येत नाही.
मला दहा वर्षं लागली होती.

"तारा मेल्यात, मावशी," एवढंच म्हणाला,
आणि जिन्यातून, "रविवारपर्यंत सांगा."

आज शनिवार. रात्रीचे साडेदहा.
तारा काढून, वेटोळी करून,
भाताच्या मोठ्या पातेल्यात उकळायला टाकल्यात.
ऑर्केस्ट्रातली जुनी युक्ती,
नव्या तारांना पैसे नसायचे तेव्हाची:
मळ सुटतो, आवाज परत येतो,
आठवडाभर पुरतो.
मुकुंद डोकावले. "काय शिजतंय?"
म्हटलं, "बघू."

विकायचा तरी तारा बऱ्या हव्यात,
ठेवायचा तरी.

जेवणाच्या टेबलावर तो, तारांवाचून, पोट उघडं.
चष्मा पुसून वाकून बघितला डाख:
करडा, ओबडधोबड,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
एवढ्या वर्षांत सुटला नाही.
दिलरुब्याला वीज लागत नाही, मनात आलं,
म्हणजे कुणी अत्तारभाईही लागत नाहीत.

पातेल्यातलं पाणी काळं होत चाललंय.
अजून पाच मिनिटं.