फीडर

पप्पा माझगावच्या रिसीव्हिंग स्टेशनात एकतीस वर्षं
काट्यांकडे बघत बसले.
काटा कलला की हात आपोआप उठायचा,
घरी जेवतानाही,
कुकरची शिट्टी झाली तरी.

आता तोच उजवा हात परळच्या वॉर्डात
चादरीवर पडलाय,
कुणाचा तरी राहून गेलेला हातमोजा.

मला वाटलं होतं, रक्त अडलं म्हणजे अंधार.
गुठळी बसली, वात विझली, संपलं.
डॉक्टर तस्नीम म्हणाली, नाही.
विझायच्या आधी त्या ओरडतात.

रात्रीचे अडीच. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर
तिनं एक गोळा काढला, त्याभोवती दुसरा.
आतलं गेलं. हा काठ अजून जिवंत आहे,
अर्धपोटी.
आणि आतली पेशी मरताना
होतं नव्हतं ते सगळं शेजारच्या दारात ओतते.
शेजारणीला वाटतं, हाक आली.
ती उठते, ओ देते.
ओ द्यायलाही प्राणवायू लागतो. तो तर नाहीच.
मग तीही ओतते.

काय ओततात?
ग्लुटामेट.
नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर
पांढरी चिमूट टाकतात ना, त्याच कुळातलं.
मी दचकले.
खाल्ल्यानं नाही हो, ती हसली, हे घरचंच.
याच्याच जोरावर त्यांनी
तुमचं नाव पाठ केलं होतं.

सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढला तेव्हा
मेंदूवर एक बारीक पट्टी ठेवली होती.
पडद्यावर तिच्या रेघा. मध्येच एक लाट,
मिनिटाला तीन मिलिमीटर,
मुंगीहून हळू.
लाट गेली की मागे सपाट रेघ.
रेघ पुन्हा थरथरायला लागते,
दर वेळी थोडी उशिरा.

आम्ही तरी काय केलं त्या सकाळी?
आईनं जिन्यात हाक मारली, नाखवाकाकूंनी वर,
वरच्यांनी मागच्या चाळीत.
सगळे आले, सगळे ओरडत होते,
ॲम्ब्युलन्सला फोन
चाळीस मिनिटांनी कुणीतरी केला.

पप्पा सांगायचे,
एक फीडर बसला की त्याचा भार शेजारच्यावर,
तो बसला की पुढच्यावर.
अशा वेळी धावाधाव नाही करायची.
आपल्याच हातानं निम्मी वस्ती अंधारात टाकायची,
शिव्या खायच्या.
उरलेली वाचते.

मी विचारलं, त्यांच्या डोक्यात असा कुणी नाही का,
खटका ओढणारा?
तस्नीम म्हणाली, औषधं शोधली खूप.
उंदरांना लागू पडली.
मग चिठ्ठी उलटून तिनं
सकाळच्या गोळ्या लिहिल्या.

आई उशाशी वाकून, अहो, बोला ना,
अहो, ऐकताय ना,
एकदा तरी ओ द्या.
मी तिचं मनगट धरलं.
राहू दे गं. जरा गप्प राहू दे त्यांना.

पहाटे डावा हात उठला.
कधीच काही न शिकलेला हात.
खाटेचा कठडा चाचपडत
वरून खाली,
एकदा.
थांबून, पुन्हा.

पाणी हवंय त्यांना, आई म्हणाली.